भागाबाई बसून राह्यली

गेल्या सोमवारी सकाळी दारात एक पोरगी उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. नागपूरच्या उन्हाळ्यात पोरी चेहरा झाकूनच स्कूटी चालवतात, त्यामुळे ओढणी सुटेपर्यंत कोण आलंय ते कळत नाही. जमिनीच्या ऑफिसातून आले म्हणाली. जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिच्याकडे होतं.

"काकू, बोडीच्या काठावर भागाबाई म्हणून कोणी राहत होत्या का? नोंदीत नुसतं भागाबाई आहे. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. वारस असतील तर लावायचे आहेत, नसतील तर नाव कमी करायचं आहे."

मी इतकी हसले की मला ठसका लागला. बिचारीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. म्हातारीचं डोकं फिरलेलं दिसतं, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट वाचता येत होतं.

"उद्या सकाळी सहाला काठावर ये," मी म्हटलं. "भागाबाई तोंडी सांगता येत नाही. दाखवावी लागते."

ती गेली आणि मी ट्रंक उघडली. तळाशी एक लुगडं आहे, तांबडं, काळ्या किनारीचं. ते नाकाशी धरलं की डांबराच्या गोळ्यांच्या खालून अजून खळीचा वास येतो, आंबूस पेजेचा आणि जवसाच्या तेलाचा. दुसऱ्या कोणाला येत नाही. सुनेला हुंगायला दिलं तर ती म्हणाली, "आई, कपाटाचा वास आहे हा." असेल. मला मात्र त्यात आख्खा काठ सापडतो.

मी लग्न होऊन उमरेडहून इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक पास. माहेरीही हातमागच होते, त्यामुळे धोट्याची खटखट मला नवी नव्हती. नवी होती ती बोडी. लहान तलावाला आम्ही बोडी म्हणतो. विणकरांची पंचवीस-तीस घरं अलीकडे, बौद्धवस्ती पलीकडे आणि मध्ये पाणी. दिवाळीनंतर त्या पाण्यावर कुठून कुठून बदकं उतरायची आणि शिंगाडे काढणाऱ्यांच्या डोंग्यांना वाट द्यायलाही कुरकुर करायची. घराघरांतून शिंगाडे उकडल्याचा मातकट गोड वास यायचा. परीट पक्षी शेपट्या नाचवत दगडांवरून फिरायचे, कुणाचं तरी धुणं तपासायला आल्यासारखे. होळी झाली की बदकं एका आठवड्यात नाहीशी व्हायची, पाणी मागे सरकायचं आणि आमच्या बाजूला लांबलचक, सपाट, मुरमाचा काठ उघडा पडायचा.

त्या काठावर पाजणी व्हायची. मागावर चढवण्याआधी उभं सूत, म्हणजे ताणा, खुंट्यांमध्ये लांबच लांब ताणायचा, त्याला खळ पाजायची, आणि सूत वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी दोघींनी कुंचा फिरवत चालत राहायचं. हाताखाली सूत सुटं होत जातं, गुळगुळीत होत जातं, आणि कुंच्याचा सर्र सर्र आवाज दोघींच्या चालीत बसतो. उजाडताना सुरू करायचं आणि वारा सुटायच्या आत आटपायचं. गल्लीत एवढी सरळ जागा नव्हती. काठ होता म्हणून माग होते. ही गोष्ट इतकी साधी होती की कोणी कधी बोलून दाखवली नव्हती.

सासूबाईंना मी मामीजी म्हणायचे. मामाजी माझ्या लग्नाआधीच गेलेले. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माग सोडून हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी धरली होती. पहाटे सायकल काढायचे आणि डबा विसरायचे. घरचा माग मामीजी एकट्याच चालवायच्या. बुटक्या, काटक, तोंडानं फटकळ. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे, आणि त्याचा त्रास साऱ्या गल्लीला होई. लग्नात आलेल्या आहेराला त्यांनी तोंडावर "झिरझिरीत हाये बाप्पा" म्हटलं होतं, आणि आहेर माझ्या आत्याचा होता.

पाजणीचे त्यांचे नियम होते. ताणा ओलांडायचा नाही, वळसा घालून जायचं. पाजणीत भांडायचं नाही. आणि पाजणी चालू असताना टिटवीचं नाव घ्यायचं नाही.

टिटवीचं ओरडणं अशुभ म्हणतात, हे मलाही माहीत होतं. पण इथे गोष्ट अवघड होती, कारण टिटवी आमच्या काठावरच अंडी घालायची, उघड्या मुरमात, चार खड्यांच्या मध्ये. खडे कोणते आणि अंडी कोणती हे कळायला डोळा लागतो. तिला हाकलायचं तर पाप. शिवाय विणकराला पावसाचा अंदाज तिच्याकडूनच मिळायचा. उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस दांडगा, खोलगटात घातली तर बेताचा. मग बायकांनी तोड काढली होती. टिटवीला नाव दिलं भागाबाई. काठाचा एक भाग तिचा, म्हणून भागाबाई, असं मामीजी सांगायच्या. दर वर्षी घरट्यापासून चार हात सोडूनच खुंट्या ठोकायच्या, आणि सकाळी जाताना एकमेकींना विचारायचं, भागाबाई कुठं बसली वं यंदा?

एकदा भर उन्हात मामीजींनी मला थांबवून दाखवलं. भागाबाई पाण्यात उतरली, पोटाची पिसं भिजवली, आणि तुरुतुरु परत येऊन अंड्यांवर बसली. अंडी गार ठेवायला. "पाय वं तिच्याकडे," मामीजी म्हणाल्या, "तेही पाजणीच करून राह्यली." पुढे चाळीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण कोणाला काही दाखवून द्यायची ती रीत मला तशी कधी साधली नाही.

कोराडीला वीजघर उभं राहत होतं तेव्हाची ही गोष्ट. शहर चारी बाजूंनी पसरत होतं आणि जिथे तिथे ले-आऊट पडत होते. चैत्रातल्या एका सकाळी काठावर मोजणीदार आला. साखळी घेतलेले दोन गडी, आणि तो स्वतः, कोवळा, साताऱ्याकडचा, नवीनच बदलून आलेला. डोक्याला रुमाल बांधला होता, पण बांधायची रीत चुकली होती, त्यामुळे कान भाजून लाल झाले होते. मामीजी आणि मी समोरासमोर कुंचे फिरवत होतो. तो सरळ घरट्याच्या दिशेनं निघाला.

"थांब गा भाऊ," मामीजी ओरडल्या. "पाय नोको टाकू. भागाबाई बसून राह्यली तिथं."

तो थबकला. वही उघडली. "कोण भागाबाई?"

"हेच, आमची भागाबाई."

"कधीपासनं बसलीय?"

"आमच्या पयलेपासून. माह्या सासूच्या वक्तालेबी हेच होती."

"घरात कोण कोण?"

"नवरा हाये. पाहारा देते तो. लेकरं चार होतीन."

"आणि घर कुठंय?"

"तिले काहाचं घर गा? गोट्यायवरच राह्यते."

"गरीब दिसतीय," तो कळवळून म्हणाला आणि लिहू लागला.

आता यात चूक कोणाची? आमच्या बोलीत 'जेवून राह्यली' म्हणजे आत्ता जेवते आहे, 'बसून राह्यली' म्हणजे आत्ता बसली आहे, अंड्यांवर. त्याच्या कानाला ते ऐकू आलं तसं की भागाबाई नावाची कोणी बाई इथे येऊन बसली ती राहिलीच, उठायचं नाव नाही. ध चा मा कोणी केला नव्हता. अक्षर न् अक्षर तेच होतं. मला तिथल्या तिथे उमगलं. हसू दाबताना माझा कुंचा चुकला. पण मी सून, आणि पाजणी चालू. नाव घेता येत नव्हतं. मी मामीजींकडे डोळे मोठे करून पाहिलं तर त्यांनी मलाच दटावलं, "सुताकडे पाय." सूत वाळून गुंडाळेपर्यंत मोजणीदार साखळी उचलून कधीच निघून गेला होता.

आठवड्यानं कावळ्यांनी ती अंडी नेली. भागाबाईनं दोन दिवस काठ डोक्यावर घेतला आणि मग वीस हातांवर, जरा उंचवट्यावर, पुन्हा चार घातली. आणि त्याच सुमारास बातमी आली की बोडीचा काठ भरून तिथे प्लॉट पाडणार.

गल्लीतले चार जाणते ऑफिसात जाऊन आले ते तोंडं पाडून. कागदावर काठ 'पडीत' होता. पडीत म्हणजे कोणाच्या कामाचा नसलेला. तुमची घरं तिकडे, काठ इकडे, तुमचा संबंध काय, असं त्यांना विचारलं. हरकत घ्यायचा हक्क ज्याचा कब्जा आहे त्याला. मामीजी ओसरीवर बसून रहाटावर धोट्याच्या कांड्या भरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रहाट थांबला नाही, पण त्या दिवशी भरलेल्या सगळ्या कांड्या सैल निघाल्या. काठ गेला तर मागावर त्या काय चढवणार होत्या? त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती वाटायची थांबली आणि त्यांच्यासाठी भीती वाटू लागली.

दोन दिवसांनी मेश्रामभाऊ आले. पलीकडच्या वस्तीतले, त्याच ऑफिसात चपराशी. खाकी कपडे इतके कडक इस्त्रीचे की घडीवर बोट कापावं. दर रविवारी वस्तीतल्या पोरांना ओळीनं बसवून वाचायला लावायचे. कागद म्हटला की त्यांचा आवाजच बदलायचा.

"नोटीस आणली," ते म्हणाले. "आख्ख्या काठावर एकच कब्जेदार निघाली. श्रीमती भागाबाई."

गल्लीत हसण्याचा असा लोंढा आला की रांगत्या पोरांनी भोकाड पसरलं. मेश्रामभाऊ हसले नाहीत. "हासून काय राह्यले? तिले हरकत घ्याचा हक्क हाये. तुमाले नाही, मले नाही, तिले हाये. फक्त नोटीस समक्ष द्या लागते."

आणि ते खरोखरच द्यायला निघाले. आम्ही सगळे मागे. भागाबाई अंड्यांवर होती, नवरा दगडावर. मेश्रामभाऊ दहा पावलांवर पोचले तशी ती उठली, आणि टिटिव-टिटिव करत सरळ त्यांच्या डोक्यावर झेपावली. पहिल्या झेपेत टोपी तिरकी झाली, दुसऱ्या झेपेत पडली. नवराही येऊन मिळाला. मेश्रामभाऊंनी टोपी उचलली, झटकली, बाजूला येऊन पेन काढलं आणि नोटिशीच्या प्रतीवर लिहिलं, "समक्ष गेलो. बाई अंगावर धावून आल्या. घेण्यास नकार." मग शेजारच्या बाभळीवर नोटीस डकवली. खळ आमचीच.

"भाऊ, खोटं त नाही लिहिलं ना?" मामीजींनी विचारलं.

"एक अक्षर दाखवा खोटं. घ्याले नाही म्हटलं की लागू झाली, असाच कायदा हाये."

बाभळीवरची नोटीस मी मोठ्यानं वाचून दाखवली. पंधरा दिवसांनी सुनावणी होती. हरकतीचा अर्जही मीच लिहिला, 'भागाबाईतर्फे शेजारी' असा. खाली अंगठे आणि सह्या झाल्या. अलीकडच्या सगळ्या घरांच्या झाल्या, आणि मेश्रामभाऊ पलीकडच्याही घेऊन आले, कारण त्यांची गुरं त्याच पाण्यावर यायची.

पण मामीजी त्या दिवसापासून अर्ध्या भाकरीवर उठू लागल्या. मी म्हटलं ते खरं होतं, पण कागदात ते खोटं झालं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत. शेवटी एका दुपारी, कडुलिंबाखाली सगळे जमले असताना, त्यांनी सांगून टाकलं, "मी सायबाले सांगणार हाये, भागाबाई कोण ते."

हलकल्लोळ झाला. मामी, घशात आलेला घास काहून थुकता? मामी, फक्त गप बसा, म्हणा की बाई आजारी हाये. हेही म्हणाले, आणि ते आईला कधी उलट बोलत नसत. मामीजींचं एकच. "तिच्या नावानं खोटं बोलू? ते त उघड्यावर बसते बिचारी. तिचं काहीच झाकलेलं नाही."

मेश्रामभाऊ मामीजींच्या जवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "मामी, कागदावर नाव चढाले आमच्या बापाचा जन्म गेला. चढलेलं नाव आपल्या हातानं मिटवू नोका, एवढंच." मामीजींचे डोळे भरून आले. पण मान काही हलली नाही.

सुनावणीला आम्ही आठ-दहा जण गेलो. ऑफिसच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर पाणी मारलेलं. ओल्या वाळ्याचा आणि जुन्या फायलींचा असा एक वास की आजही माठात वाळा घातला की मला सही करावीशी वाटते. साहेब पोक्त होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. मेश्रामभाऊंनी दारात उभं राहून, ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे, तीनदा पुकारा केला. "भागाबाई हाजिर हो!"

मामीजी पुढे झाल्या. "सायब, मी भागाबाई नाही. तिच्या शेजारची हाओ. तिले येता येत नाही. अंड्यावर बसून राह्यली."

साहेबांचं पेन थांबलं. "कशावर?"

"टिटवी हाये सायब ते." आमच्यातल्या दोघांनी डोळे मिटून घेतले. "तुमच्या पोट्ट्याची चूक नाही, माही बी नाही. पाजणीत आमी तिचं नाव घेत नाही, म्हणून भागाबाई म्हणतो. पण सायब, बसून राह्यली हे खरं हाये. आणि काठ पडीत हाये हे खोटं हाये."

कोपऱ्यातला मोजणीदार कानापर्यंत लाल झाला. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फाईल वाचली, "बाई अंगावर धावून आल्या" इथे थांबले, मेश्रामभाऊंकडे पाहिलं. मेश्रामभाऊ छताकडे पाहत होते.

"अंडी किती?" साहेबांनी विचारलं.

"चार."

"कुठे घातलीत? उंचावर की खोलगटात?"

"उंचावर, सायब."

"म्हणजे यंदा पाऊस आहे," साहेब म्हणाले, आणि आम्हाला कळलं की हा माणूस कुठल्या तरी शेतातून उठून या खुर्चीत आलेला आहे. मग त्यांनी विचारलं, "काठावर किती घरं पाजणी करतात?"

इथेही मामीजींनी खरंच सांगितलं. "आता चार. पयले सारीच करत."

"चार," साहेबांनी लिहून घेतलं. "मी गुरुवारी सकाळी जागा बघायला येतो."

परतताना सगळे मामीजींना मागे टाकून पुढे चालले. मला त्यांचा राग आला होता, आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटल्यावर माणूस काय करतं ते मी केलं. मी त्यांची पिशवी घेतली.

पण बुधवारी सकाळी आमच्या ओसरीवर एक शेजारी येऊन उभा राहिला. तीन वर्षांपासून त्याचा माग बंद होता. "मामी, माह्या घरी एका ताण्याचं सूत पडून हाये," तो म्हणाला. मग दुसरा आला. कोराडीला मजुरीवर जाणारे आले, कारखान्यातले आले. मामीजींनी सगळ्यांना एकच अट घातली. "सायबाले दाखवाले तमाशा कराचा असन त मी नाही. ताणा लावला त विणा लागन." सगळ्यांनी कबूल केलं. त्या दिवशी गल्लीत चुलीचुलीवर खळ शिजत होती. माळ्यांवरून कुंचे निघाले, त्यांतली कोळिष्टकं झटकली गेली. ह्यांनी कारखान्यात रजा टाकली आणि खुंट्या तासायला बसले. सहा वर्षांत विसरले असतील वाटलं होतं, पण हात काही विसरत नाही.

गुरुवारी उजाडताना मी काठावर गेले आणि उभीच राहिले. बावीस ताणे. पांढरे, तांबडे, हळदी, काळे, पाण्याच्या कडेनं एकापुढे एक, काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी माणसं चाललेली, आणि चव्वेचाळीस कुंच्यांची सर्र सर्र. बोलणं नाही, भांडण नाही. पलीकडच्या वस्तीतल्या बाया पाण्याच्या घागरी घेऊन आल्या होत्या. मेश्रामभाऊ आले, खाकी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, आणि आमच्या ताण्याला लागले. "माहा आजाबी विणे," ते एवढंच म्हणाले. "जाडंभरडं." कुंचा त्यांच्या हातात असा बसला की मामीजींनी मान डोलावली. ती मान मला लग्नानंतर दोन वर्षांनी मिळाली होती. त्या सगळ्याच्या मध्ये, सुताच्या बावीस ओळींच्या मध्ये, चार हात मोकळी जागा सोडलेली, आणि तिथे भागाबाई बसून राहिली होती. इतक्या माणसांत ती उठली नाही. आमची चाल तिच्या ओळखीची होती.

साहेब आले. मोजणीदार साखळी ओढायला गेला तर ओढणार कुठून? साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. मग पहिल्या ताण्यापाशी आले, मामीजींकडे पाहिलं, आणि न सांगता वळसा घालून टोकापर्यंत गेले. दुसऱ्यालाही तसंच. बावीस ताण्यांना बावीस वळसे. बूट मुरमानं पांढरे झाले, सदरा पाठीला चिकटला. शेवटी ते मोकळ्या जागेपाशी आले आणि उकिडवे बसले. आता ते नाव घेतात की काय, आणि बावीस ताणे एकदम तुटतात की काय!

"हीच का भागाबाई?" साहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

मामीजींचा कुंचा चालतच राहिला, पण गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

'पडीत' हा शब्द साहेबांनी तिथेच, गुडघ्यावर फाईल ठेवून खोडला आणि वर लिहिलं, 'पाजणीचा काठ, सर्वांच्या वापराचा.' मोजणीदारानं चाचरत विचारलं, "साहेब, आणि कब्जेदाराचं नाव? ते खोडू?" साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "नाव खोडायचं तर कारण लिहावं लागतं," ते म्हणाले. "तुला सुचतंय का काही?" त्यानं नाव तसंच ठेवून वही मिटली.

पुढचं सगळं माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळलेलं आहे. आठवड्यानं अंडी फुटली आणि चार पिल्लं कापसाच्या बोंडांसारखी मुरमावर पळू लागली. पाऊस चांगला झाला. ठरल्याप्रमाणे बावीस ताणे विणले गेले, पावसाळाभर गल्लीत अशी खटखट की बोलायचं तर ओरडावं लागे. आमच्या ताण्याचं हे लुगडं; मामीजींनी विणलं आणि माझ्या ओटीत टाकलं. मी उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांच्याच ठसक्यात म्हटलं, "झिरझिरीत नाही बाप्पा." त्या इतक्या हसल्या की धोटा हातातून पडला.

नंतर माग गेलेच. कोणी नेले नाहीत, आपोआप गेले, एकेका घरातून, लेकी सासरी जातात तसे. आधी वाटलं होतं की माग राहण्यासाठी काठ वाचवतोय. झालं उलटं, काठ राहिला. पाजणी नाही, पण लोक अजून चैत्रात घरट्याभोवती चार दगड मांडतात, आणि का मांडतात ते त्यांना धड सांगता येत नाही. मामीजी गेल्या, मेश्रामभाऊ गेले, हेही गेले. मी सकाळी काठावर जाते. सुख म्हणतात ते बहुधा हेच असावं, पाय दुखतात पण वाट ओळखीची आहे.

तर मंगळवारी सहाला ती पोरगी आली. मी तिला सगळं सांगितलं, मामीजींसारखंच, काही न झाकता. टिटवी आहे म्हणून सांगितलं. पाजणी नव्हती, नाव घ्यायला हरकत नव्हती. सांगता सांगता आम्ही उंचवट्यापर्यंत पोचलो आणि मी तिचा हात धरला. "थांब वं. पाय नोको टाकू."

तिला आधी काही दिसलं नाही. मग खड्यांतला एक खडा हलला, आणि त्याला डोळा होता. पोरीनं चपला काढून हातात घेतल्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसातून होता, साहेब असावेत, आवाज घाटावरचा. भागाबाईचं काय झालं, नाव कमी करायचं का, असं विचारत होते. ती माझ्याकडे बघत राहिली. ती इथलीच, उमरेड रोडची. तिला कोणी अर्थ सांगायची गरज नव्हती.

"सर, मी आत्ता जागेवरच आहे," ती कुजबुजली. "भागाबाई बसून राह्यली."

"म्हणजे? हयात आहेत?"

"हो सर," ती म्हणाली. "हयात आहेत."